देवळाच्या दारातली दोना

"मान खाली घालून चाल, रूफीन," कातरीन मावशी माझ्या कानाशी कुजबुजली. "उगाच लोकांच्या डोळ्यांवर येशील."

"येऊ दे," मी म्हटलं, आणि मान चांगली वर केली.

वसईच्या कोटातल्या आमच्या देवळाच्या दारात फिरंग्यांच्यातली बडी बाई, दोना ब्रिजिदा, अनवाणी उभी होती. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. सगळं गाव तिच्या अंगावरून मिस्सेच्या प्रार्थनेला आत शिरत होतं. तिच्या अंगात जाडाभरडा पांढरा झगा, केस सुटे, हातात पेटलेली मेणबत्ती. मेण ओघळून बोटांवर येत होतं आणि तिला हात झटकायची सोय नव्हती. ते पाय मी वर्षानुवर्षं रोज धुतले होते, पण धुळीत कधी बघितले नव्हते. मी मुद्दाम तिच्यासमोर थांबले.

"रूफीन," ती ओठ न हलवता म्हणाली, "हात धर माझा. संपव हे."

"आज नाही, बाई."

आणि मी आत गेले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसासारखी गोड मिस्सा मी आयुष्यात ऐकली नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही कोण एवढी लागून गेली? तर मी तिची बटीक. विकत घेतलेली. दुष्काळाच्या साली मामानं मला फिरंग्यांच्या कोटात आणून विकलं तेव्हा मी एवढीशी होते. दोना ब्रिजिदाच्या घरी वाढले, तिथंच बाप्तिस्मा झाला, तिथंच तिच्या पालखीच्या एका भोयाशी लग्न लावून दिलं. तो बिचारा तापानं गेला. मागे राहिली माझी अंजेल. पोर कसली, पायाला भिंगरी होती तिच्या. आवारातल्या कोंबड्या तिला घाबरायच्या. सकाळी जी पळत सुटायची ती भूक लागल्यावरच सापडायची.

अंजेल पाच वर्षांची असताना दोनाच्या भाचीचं लग्न चौलच्या एका बड्या घरात ठरलं. आंदण गेलं. रुप्याची ताटं, शिसवी पेट्या, पलंग, आणि माझी अंजेल. मी बंदरापर्यंत लोळत गेले. दोना ब्रिजिदा छत्रीखाली उभी होती. ती म्हणाली, "एवढं काय त्यात? तू तरुण आहेस. आणखी होतील." हे वाक्य मी जपून ठेवलं. दागिनासुद्धा कोणी इतका जपत नाही.

मग बिशप आले. दोम बेर्नार्द त्यांचं नाव. वाळलेल्या सुपारीसारखा माणूस, पायात साध्या वहाणा. मराठी ते वाडीतल्या माळ्यांकडून शिकलेले, त्यामुळे एवढा मोठा बिशप तोंड उघडलं की केळीवाल्यासारखा बोलायचा. फिरंगी गालात हसायचे. पहिल्याच रविवारी बिशप वेदीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "कोटात ज्यानं ज्यानं बाप्तिस्मा झालेलं लेकरू आईपासून तोडलंय, त्यानं ते परत आणावं आणि मायलेकरांना मोकळं करावं. नाही केलं, तर त्याला माझ्या देवळात मिस्सा नाही आणि मेल्यावर मूठभर मातीही नाही." मग सगळ्यांचं हसू मावळलं. त्याच दुपारी मी त्यांच्या पायांशी जाऊन बसले.

त्यांनी दोनाला बोलावलं. ती ताठ मानेनं आली आणि म्हणाली, "पोर मेली. चौलला देवीची साथ आली होती." क्रूसावर हात ठेवून म्हणाली. मी ओरडले, "खोटं!" पण ओरडण्याला कोण विचारतो?

बिशपनी दोघींचं ऐकून घेतलं. मग त्यांनी निवाडा दिला. मी आजपासून मोकळी. आणि पोर परत देता येत नसेल, तर दोना ब्रिजिदानं दर रविवारी अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन देवळाच्या दारात उभं राहायचं. "जिचा अपराध केलास तिनं आपल्या हातानं तुला आत आणलं, की शिक्षा संपली," असं ते म्हणाले. दोनाचा नवरा देवळाच्या फरशीखाली पुरलेला होता आणि त्याच्या शेजारची जागा तिनं स्वतःसाठी राखलेली होती. ती जागा जाणार म्हटल्यावर ती कबूल झाली. नाक दाबलं की तोंड उघडतं.

मी कातरीन मावशीकडे राहायला आले. ती देवळाची झाडलोट करायची, मी वेदीवरची कापडं धुवायची. रविवारमागून रविवार गेले. दर रविवारी दोना म्हणायची, "हात धर," आणि दर रविवारी मी म्हणायची, "आज नाही, बाई." आधी लोक कौतुकानं बघायचे. मग कुजबुज सुरू झाली. ती म्हातारी होत चालली आहे, तिच्या पायाला फोड आलेत, बटकीला इतका माज बरा नव्हे. माज! पोर माझी गेली आणि माजही माझाच.

एका शनिवारी दुपारी मी कापडांना खळ लावत बसले होते, तर बिशप आले आणि समोरच्या दगडावर टेकले.

"रूफीन, उद्या तिला आत आण."

"का म्हणून?"

"कोटाचा कप्तान येऊन गेला. सगळे फिरंगी खवळलेत. गोव्याला माझ्याविरुद्ध कागाळ्या चालल्यात. मला परत बोलावलं तर बाकीच्या बटक्यांचं काय? अजून कितीतरी घरांत पोरं अडकलीत. सगळं एका ठिकाणी येऊन अडलंय."

"म्हणजे माझ्यापाशी."

"तुझ्यापाशी."

"वा! चोर ती आणि ओझं माझ्या डोक्यावर."

ते हसले. मग हळूच म्हणाले, "पोर गेली, पोरी. आता ती काही यायची नाही."

"मग घाई कसली? मेलेलं कुठं पळून जातंय?"

"सूड देवानं घ्यायचा असतो, रूफीन. आपण नाही."

"मग देवाला सांगा, त्याचंच काम हलकं करतेय मी."

"क्षमा केलीस तर तुझं मन हलकं होईल."

"मला मन हलकं नकोय, पाद्रीबाबा. मला माझी पोर हवीय. ती नसेल तर त्या बाईचे पाय पोळायला हवेत. दोन्हीपैकी एक काहीतरी मला द्या की!"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तुला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी मोझंबिकला होतो. धक्क्यावरून साखळीतली माणसं गलबतात चढायची. मी बादलीतलं पाणी त्यांच्यावर शिंपडायचो. त्याला बाप्तिस्मा म्हणायचो. नाव विचारायलाही वेळ नसायचा. इथं आलो तो ठरवून आलो, की हे मोडून काढायचं. आणि आता एका बाईच्या हट्टापायी सगळं पाण्यात जाईल."

"मग तुम्हीही कुठल्यातरी दारात उभं राहायला हवं होतं," मी म्हटलं.

जिभेला हाड नाही माझ्या. बोलून गेले आणि वाटलं, आता हे उठून मला हाकलतील. पण ते नुसते "हो" म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की दारातली फरशी तव्यासारखी तापली होती. मी मुद्दाम सावकाश पायऱ्या चढले. दोना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

"हात धर," ती म्हणाली. या वेळी तोंड उघडून म्हणाली.

"आज नाही, बाई."

"मग कधी? मी मेल्यावर?"

"माझी पोर मेलीय ना? तिला विचारा, तिला कधी सवड आहे."

मी वळले आणि मागून आवाज आला, "जिवंत आहे!"

दारात शिरणारी माणसं जागच्या जागी थांबली. दोना ब्रिजिदा रडत नव्हती, चिडली होती. "जिवंत आहे तुझी कार्टी! माझ्या भाचीच्या सासूला डोळ्यांनी दिसत नाही. पोरगी तिला धरून फिरवते. म्हातारीचं तिच्यावाचून पान हलत नाही, म्हणून भाची देत नव्हती. आता आणवते. झालं समाधान? आता तरी हात धर!"

मला खाली बसावंसं वाटलं, पण तिच्यासमोर बसले नाही. "पोर परत द्या," मी म्हटलं. "पोर परत मिळाली की त्याच घटकेला आत नेईन."

आत बिशपनी सगळं ऐकलं होतं. मिस्सा संपल्यावर ते माझ्याकडे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबले. "मी काल तुला काय करायला सांगत होतो," ते म्हणाले. एवढंच. मी म्हटलं, "जाऊ द्या, पाद्रीबाबा. तुम्ही कुठं आई आहात."

चौलहून गलबत यायचं होतं. तेवढे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. अंजेलसाठी परकर शिवला, तो आखूड होईल म्हणून उसवला, पुन्हा शिवला. कातरीन मावशी म्हणायची, "अगं, पोर ओळखेल का तुला?" मी म्हणायची, "वासरू कधी गाय विसरतं का?"

गलबत आलं ते नेमकं रविवारी सकाळी. बिशपनी सांगून ठेवलं होतं, पोरीला थेट देवळात आणा, सगळ्या कोटासमोर आईच्या हाती देऊ. सगळा कोट जमला. कप्तानसुद्धा आपल्या बायकोला घेऊन आला होता, पुढच्या रांगेत. दोना ब्रिजिदा दारात, मी तिच्यापासून चार हातांवर. बैलगाडी थांबली आणि गाडीतून एक पोरगी उतरली. उंच, सडपातळ. केसांची घट्ट वेणी. कपाळ अगदी तिच्या बापाचं.

मला हाक मारायची होती. ओठ हलले, आवाज निघेना.

पोरगी पायऱ्या चढून वर आली. तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. माझ्याकडेही बघितलं आणि नजर पुढे गेली. मग ती सरळ दोना ब्रिजिदाकडे गेली, तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला आणि तिला हळूहळू आत घेऊन गेली.

मग बायकांनी हंबरडाच फोडला. "क्षमा केली! लेकरानं क्षमा केली!" कोणीतरी घंटा बडवायला लागलं. कप्तानाची बायको डोळे टिपत होती. लोक म्हणत होते, अपराध तर पोरीचाच झाला होता, तिनंच आत नेलं, फिटलं. वेदीपाशी बिशप उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मलासुद्धा घटकाभर वाटलं, देवदूतच उतरला. आईपेक्षा पोर मोठ्या मनाची निघाली, असं मनात आलं.

आणि मग मी तिची चाल बघितली.

ती अर्धं पाऊल टाकायची आणि थांबायची. पुन्हा अर्धं पाऊल. दोना ब्रिजिदा चांगली धडधाकट, तिला अशा चालीची काही गरज नव्हती. उलट तीच पोरीला ओढत होती. पोरगी तिच्या कानाशी सांगत होती, "इथं उंबरा आहे, बाई. इथं फरशी उचललेली आहे." पुढच्या बाकाशी गेल्यावर तिनं दोनाला बसवलं, झग्याची घडी नीट केली, हातातली मेणबत्ती काढून घेऊन विझवली, आणि बाकामागे जाऊन उभी राहिली. हात पुढे जुळवून, नजर जमिनीवर. पुढचा हुकूम येईपर्यंत.

मी आत गेले. लोक वाट देत होते, कोणी पाठीवर थोपटत होतं. मी तिच्याजवळ उभी राहिले.

"अंजेल," मी म्हटलं. आवाज आला एकदाचा. "हिला आत का आणलंस?"

ती दचकली. "बाहेर ऊन होतं," ती म्हणाली. "आणि म्हातारीबाई एकट्याच उभ्या होत्या. चुकलं का माझं?"

"तुला कोणी सांगितलं आणायला?"

"सांगायला कशाला हवं? मला नवीन घरी पाठवलं असं म्हणाले. या माझ्या नव्या बाई ना?" मग आवाज खाली आणून तिनं मला विचारलं, "तुम्ही याच घरात कामाला आहात का? या बाई मारतात का हो?"

देवळात तिचं बोलणं पुढच्या दोन-तीन रांगांना तरी ऐकू गेलं असेल. बिशपना नक्की गेलं. घंटा अजून वाजत होती. त्यांनी हात वर केला आणि ती बंद झाली.

"काय म्हणाली ती?" कप्तानानं विचारलं. त्याला मराठी येत नव्हती.

मी वळले. माझ्या अंगात काय शिरलं होतं देव जाणे. "पाद्रीबाबा, ही क्षमा नाही!" मी म्हटलं. "ही चाकरी आहे! हिला शिकवलंय, दिसेल त्या म्हातारीचा हात धरायचा. मी पोर परत मागितली होती. ही माझी पोर नाही आली. ही त्यांची बटीक आलीय!"

"रूफीन," दोना ब्रिजिदा बाकावरूनच म्हणाली, "तू शब्द दिला होतास. पोर आणली. मी आत आले. आता बस कर." सुंभ जळला तरी पीळ जाईना.

कप्तान उठून उभा राहिला. तो बिशपना काहीतरी म्हणाला, फिरंगी बोलीत, दात आवळून. शब्द कळले नाहीत तरी धमकी कळते. बिशप त्याच्याकडे बघत होते आणि मी बिशपकडे. मला ठाऊक होतं, आता हा माणूस हात जोडून म्हणेल, रूफीन, झालं ते झालं. त्यांनी नुसता डोळा चुकवला असता तरी सगळं मिटत होतं. त्यांची गादी राहिली असती, बाकीच्या पोरांचं बघता आलं असतं. त्यांनी मला विचारलं, "रूफीन, तू सांग. आत की बाहेर?"

"बाहेर," मी म्हटलं.

बिशप वेदीवरून खाली उतरले. त्यांनी दोना ब्रिजिदाच्या दंडाला धरलं, आणि सगळ्या कोटाच्या देखत तिला चालवत दारापर्यंत नेलं. मेणबत्ती पेटवून तिच्या हातात दिली. मग स्वतःच्या वहाणा काढल्या आणि तापल्या फरशीवर तिच्या शेजारी उभे राहिले. "मोझंबिकची बाकी होती," एवढंच मला म्हणाले. कप्तान बायकोला घेऊन त्यांच्या अंगावरून तरातरा निघून गेला. त्याच्यामागे सगळे बडे फिरंगी. अर्धं देऊळ रिकामं झालं. उरलेली मिस्सा दुसऱ्या पाद्रीनं कशीबशी उरकली.

अंजेल तिथंच बाकामागे उभी होती. रिकाम्या बाकामागे. तिला काही कळत नव्हतं. मी तिला बाहेर आवारात आणलं. तिथं मोठं मोकळं मैदान होतं, पार तटापर्यंत. मी खाली वाकून तिला म्हटलं, "बाळा, मी तुझी आई. आता तुला कोणी बाई नाही. पळ बघू! तटाला हात लावून ये. लहानपणी कशी पळायचीस!"

"बरं," ती म्हणाली. हुकूम ऐकायची सवय होती तिला.

ती निघाली. अर्धं पाऊल टाकलं, थांबली. पुन्हा अर्धं पाऊल. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं, आपण फार जोरात तर चाललो नाही ना, म्हणून. नऊ वर्षांची पोर, आणि सत्तर वर्षांच्या आंधळीच्या चालीनं चालत होती. तटापर्यंत पोहोचायच्या आतच मी धावत जाऊन तिला उचललं, आणि मग मात्र मी अशी रडले, अशी रडले, की दारातली दोना ब्रिजिदासुद्धा मान फिरवून बघायला लागली. बघ म्हटलं, डोळे भरून बघ.

पुढे काय व्हायचं ते झालं. वारं फिरलं तशी गोव्याहून गलबतं आली आणि बिशपना बोलावणं आलं. जाताना ते अंजेलला भेटायला आले होते. कोटात त्यांनी सोडवलेली बरीच पोरं होती. जी राहिली ती राहिली. काही जण अजून म्हणतात, रूफीननं हट्ट केला नसता तर तीही सुटली असती. म्हणू देत. त्यांच्या आयांनी येऊन मला बोलावं, मी ऐकून घेईन. फिरंग्यांकडून मी ऐकून घेणार नाही.

नव्या पाद्रीनं पहिल्याच रविवारी दोना ब्रिजिदाला वाजतगाजत आत नेलं. मी तिच्या मागच्या बाकावर बसायला लागले, अंजेलला घेऊन. दर रविवारी. तिनं एकदाही मागे बघितलं नाही, पण तिची मान ताठ राहायची ती शेवटपर्यंत.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या घरून पालखी आली माझ्यासाठी. बघा नशीब, ज्या पालखीला माझ्या नवऱ्यानं खांदा दिला त्या पालखीत मला बसवायला आले होते. निरोप असा, की बाईंचा जीव अडकलाय, नुसतं "क्षमा केली" एवढं येऊन म्हण. कातरीन मावशी म्हणाली, "जा गं. मरणाऱ्याशी कसलं वैर?"

मी पालखीत बसले नाही. भोयांना पाणी दिलं आणि म्हटलं, "बाईंना सांगा, माझी अंजेल ज्या दिवशी पळताना दिसेल, त्या दिवशी येईन."

दोना ब्रिजिदा त्याच आठवड्यात गेली. नवऱ्याशेजारी पुरली तिला. अंजेलचं लग्न झालं, पोरं झाली, पोरांना पोरं झाली. सबंध आवारात धुडगूस असतो त्यांचा. एखादं तापल्या चुलीकडे धावलं की अंजेल उठते त्याला धरायला. अर्धं पाऊल टाकते, थांबते, मागे बघते. पोराला आम्हीच कोणीतरी धावून उचलतो.